साचा कुणाचा? फायबरच्या गाडीची आणि कारागिराच्या हक्काची गोष्ट

डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही गॅरेजात अर्धा तास उभे राहा, एक दृश्य हमखास दिसेल. टेम्पोचा नाही तर रिक्षाचा फुटलेला भाग उलटा करून ठेवलेला असतो. विशीतला एखादा पोरगा पांढऱ्या, विस्कटलेल्या कापडासारख्या मॅटचा तुकडा कात्रीने कापतो. डब्यातल्या मधासारख्या रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब टाकून ढवळतो आणि ब्रशने मॅटवर चोपडतो. नाकात झोंबणारा वास सुटतो. थोड्या वेळात तो भाग कडक होतो. मग पुट्टी, पॉलिश पेपर आणि रंग. काम झालं की पोरगा हाक मारतो, “उस्ताद, फायबर मार दिया.”

गॅरेजच्या या धंद्यात आपल्या समाजाची पोरं मोठ्या संख्येने आहेत, हे कुणाला आकडेवारी देऊन सांगायची गरज नाही. पाना-पकड आणि फायबर-पुट्टीवर कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण ज्या वस्तूवर आपण पोट भरतो, तिचा इतिहास क्वचितच विचारतो. या पांढऱ्या मॅटच्या इतिहासात एक माणूस आहे, ज्याने घरच्या गॅरेजात फायबरची गाडी बनवली, जगभर नाव कमावलं आणि तिच्यावरचा हक्क न्यायालयात गमावला. त्याची गोष्ट कॅलिफोर्नियातली असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या गल्लीतला आहे.

काचेचा धागा

काचेचे धागे ओढण्याची कला जुनीच. मात्र आज आपण ज्याला ‘फायबर’ म्हणतो ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्माला आलं, तेही काहीसं चुकून. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडण्याच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर जोरात हवेचा झोत बसला आणि काचेचे केसांसारखे बारीक तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी त्या तंतूंचं मोल ओळखलं. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनीच उभी राहिली.

नुसती काच ठिसूळ असते आणि नुसतं रेझिनही तडकतं. दोन्ही एकत्र आले की मात्र लोखंडाशी स्पर्धा करणारी वस्तू तयार होते. ताण धागा सोसतो, तर रेझिन धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. मातीच्या भिंतीत भुसा किंवा काड्या घालणाऱ्या आपल्या आजोबांना हे तत्त्व ठाऊक होतंच.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवर झाकण हवं होतं. धातूचं झाकण लावलं तर रडारच्या लहरी अडतात, काच-रेझिनच्या झाकणातून मात्र आरपार जातात. त्यामुळे सैन्याने या पदार्थाला मोठं केलं. युद्ध संपल्यावर तो होड्यांकडे वळला. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा माणूस फायबरच्या होड्या बांधत असे. हवाई दलातल्या त्याच्या एका मित्राने विलीज जीपची उघडी चेसिस घेऊन गाडी बांधायला घेतली होती, पण तिला बॉडी नव्हती. ट्रिटने होडीच्याच पद्धतीने १९५१ साली ती फायबरमध्ये घडवून दिली. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, जनरल मोटर्सने फायबरच्या बॉडीची ‘कॉर्व्हेट’ बाजारात आणली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या.

म्हणजे फायबरच्या गाडीचे खरे उस्ताद होडीवाले. आपल्या जुन्या कारागिरांच्या कसबनाम्यांत सुतारकामाचा सिलसिला हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या कश्तीपर्यंत नेला जाई. फायबरच्या कामाचा कसबनामा कुणी लिहिला, तर त्याचीही सुरुवात होडीपासूनच करावी लागेल.

ब्रूस मेयर्स

१९२६ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला ब्रूस मेयर्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात होता. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाजवळ ‘बंकर हिल’ या विमानवाहू जहाजावर दोन जपानी आत्मघाती विमानं आदळली. शेकडो खलाशी मेले. मेयर्सने समुद्रात उडी मारली, आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि भाजलेल्या एका वैमानिकाला तरंगत ठेवलं. युद्धातून परतल्यावर तो चित्रकला शिकला, समुद्राच्या लाटांवर फळीवरून खेळला आणि पोटासाठी फायबरच्या होड्यांचे साचे बनवू लागला.

त्या काळात कॅलिफोर्नियातल्या पिस्मोच्या वाळूच्या टेकड्यांवर हौशी लोक गाड्या पळवत. जुन्या अमेरिकन गाड्यांचे पत्रे काढून टाकलेले ते अवजड सांगाडे वाळूत रुतत. मेयर्सला दिसलं की, फोक्सवॅगनची ‘बीटल’ या कामाला जास्त योग्य आहे. तिचं इंजिन मागे असल्यामुळे वजन मागच्या चाकांवर पडतं आणि वाळूत पकड मिळते. इंजिन हवेने थंड होतं, म्हणजे रेडिएटरची, पाणी उकळण्याची भानगड नाही. शिवाय तिची बॉडी खालच्या सपाट तळाला बोल्टने जोडलेली असते. बोल्ट काढले की बॉडी अलग. आणि भंगारातली बीटल स्वस्तात मिळायची.

१९६४ साली न्यूपोर्ट बीचमधल्या आपल्या छोट्या गॅरेजात त्याने पहिली गाडी पूर्ण केली. ती लाल होती, म्हणून तिला ‘ओल्ड रेड’ हे नाव पडलं. शेपूट नसलेल्या मांजराच्या जातीवरून त्याने गाडीच्या प्रकाराला ‘मँक्स’ म्हटलं, कारण तिचंही मागचं अंग आखूड होतं.

आकार घडतो कसा?

घरी फायबरचा भाग बनवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण पुढचा सगळा झगडा याच कृतीत दडलेला आहे.

सगळ्यात आधी मूळ आकार घडवावा लागतो. लाकूड, फोम, जाळी, प्लास्टर, पुट्टी, जे हाताशी असेल त्याने गाडीच्या भागाचा हुबेहूब ठोकळा तयार करायचा. तो घासायचा, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचा. हात फिरवला की खड्डा कळतो, डोळ्यांना कळत नाही. आठवडे, कधी महिने यातच जातात. ठोकळ्यात राहिलेला प्रत्येक ओरखडा पुढे प्रत्येक नगात उमटणार असतो.

मग ठोकळ्यावर मेणाचे अनेक थर द्यायचे, म्हणजे वरचं फायबर चिकटणार नाही. त्यावर मॅट आणि रेझिनचे जाड थर चढवून तो कडक झाला की उचलायचा. हा झाला साचा, आतून गुळगुळीत. आता साच्याला आतून मेण लावायचं, जेलकोटचा म्हणजे रंगीत रेझिनचा पातळ थर द्यायचा आणि मॅटचे थर बसवत रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला तर तिथेच पुढे तडा जातो. हार्डनर साधारण टक्का-दोन टक्के. कमी पडला तर भाग चिकट राहतो, जास्त झाला तर रेझिन तापून धूर निघतो आणि आकार वाकडा होतो. पूर्ण कडक होण्याआधी, चामड्यासारखं असतानाच, पात्याने कडा कापून घ्यायच्या.

साच्याच्या भिंतींना थोडा उतार ठेवावा लागतो. नाहीतर आतला भाग अडकून बसतो आणि काढताना साचाच फुटतो. आकार आत वळत असेल तर साचा दोन-तीन तुकड्यांत बनवून कडांना बोल्टने जोडतात.

मेयर्स या कामात मुरलेला होता. सपाट फायबर थरथरतं, वळणदार फायबर ताठ राहतं, हे त्याला होड्यांनी शिकवलं होतं. म्हणून मँक्सवर सपाट जागा फार कमी आहे. मोठ्या चाकांना वर-खाली व्हायला जागा मिळावी म्हणून तिची मडगार्ड उंच, फुगीर कमानींसारखी केली. त्या मडगार्डांचा वरचा भाग मात्र त्याने मुद्दाम सपाट ठेवला, किनाऱ्यावर थांबल्यावर पेला ठेवता यावा म्हणून! सगळी गाडी एखाद्या व्यंगचित्रातून उतरल्यासारखी दिसते.

पहिल्या डझनभर गाड्यांत फायबरची बॉडी हाच सांगाडा होता, खाली चेसिस नव्हती. ते काम महाग पडायचं. म्हणून त्याने दुसरी रचना केली. गिऱ्हाइकाने जुनी बीटल आणायची, बॉडी उतरवायची, खालचा तळ मधून साडेचौदा इंच कापून पुन्हा वेल्ड करायचा आणि मेयर्सकडून आलेली फायबरची बॉडी त्यावर बोल्टने बसवायची. आता गाडी कारखान्यात बनत नव्हती, लोकांच्या अंगणात बनत होती.

एकाच्या हजार

एप्रिल १९६७ मध्ये मेयर्स आणि त्याचा साथीदार टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातून ला पाझ ते तिहुआना हे सुमारे १५०० किलोमीटरचं अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापलं. त्याआधीचा विक्रम मोटारसायकलचा होता, जवळपास ४० तासांचा. त्याच वर्षी याच वाळवंटात पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही मँक्सनेच जिंकली. मासिकांनी मुखपृष्ठं दिली. १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने किनाऱ्यावर हीच गाडी पळवली.

मागणी वाढली, तशा नकलाही आल्या. नक्कल करणं फार सोपं होतं. मँक्सची एक बॉडी विकत घ्यायची, तिला मेण लावायचं आणि तिच्यावरच साचा काढायचा. मेयर्सने ठोकळ्यावर घालवलेले महिने नक्कल करणाऱ्याला फुकट मिळत. त्याला खर्च फक्त मॅट आणि रेझिनचा, म्हणून तो स्वस्तात विकू शके. रेझिन सुकताना किंचित आकसतं. त्यामुळे नकलेची नक्कल मूळ गाडीपेक्षा थोडी लहान आणि बोथट होत जाते. पण गिऱ्हाइकाला किंमत दिसते, धार दिसत नाही.

मेयर्सने पेटंट घेतलं होतं. एका नक्कल करणाऱ्याला त्याने न्यायालयात खेचलं. न्यायालयाचा निकाल त्याच्या विरोधात गेला. ही रचना पेटंटला पात्रच नाही, असं ठरलं आणि मग दारं सताड उघडली. मेयर्सच्या कंपनीने सुमारे ६ हजार बॉडी बनवल्या. जगभरात निघालेल्या नकलांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत दिला जातो. खचलेला मेयर्स आपल्याच कंपनीतून बाहेर पडला आणि १९७१ मध्ये ती बंद झाली.

ज्या गुणाने त्याला उभं केलं, त्याच गुणाने त्याला पाडलं. पत्र्याची गाडी बनवायला प्रचंड प्रेस आणि डाय लागतात. गरीब माणूस ते घेऊ शकत नाही, त्यामुळे तो पत्र्याची गाडी बनवूही शकत नाही आणि तिची चोरीही करू शकत नाही. फायबरला मात्र एक गॅरेज, दोन हात आणि थोडा धीर पुरतो. म्हणून एकटा मेयर्स गाडी बनवू शकला. आणि म्हणूनच त्याच्यासारखं गॅरेज असलेला कुणीही ती उचलू शकला.

इस्तंबूल आणि बंगळूर

फायबरचं हे गणित फक्त हौशी लोकांनाच कळलं होतं असं नाही. तुर्कस्तानात उद्योगपती वेहबी कोच आणि त्यांचे ज्यू सहकारी बर्नार नाहूम यांना देशात गाडी बनवायची होती. पत्र्याच्या डायांचा खर्च निघण्याएवढा बाजार तिथे नव्हता. म्हणून त्यांच्या ओतोसान कंपनीने ब्रिटनच्या रिलायंट कंपनीच्या मदतीने फायबरच्या बॉडीची ‘अनादोल’ काढली. १९ डिसेंबर १९६६ रोजी इस्तंबूलमध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. लोकांनी मात्र अफवा उठवली की, ही गाडी बैल खातात! तुर्कस्तानात आजही तो विनोद चालतो. पुढे १९७५ मध्ये बर्नार यांचे पुत्र जान नाहूम यांनी अनादोलची ‘बोजेक’, म्हणजे ‘किडा’, ही उघडी, वाळू-चिखलात चालणारी गाडी आखली. दोन-तीन वर्षांत तिचे २०३ नग निघाले. मेयर्सच्या गॅरेजातून निघालेली कल्पना इस्तंबूलच्या कारखान्यात पोहोचली होती.

त्याच रिलायंट कंपनीचा धागा भारतातही येतो. बंगळूरच्या सिपानी ऑटोमोबाइल्सने १९८२ मध्ये रिलायंटच्या ‘किटन’वरून फायबरच्या बॉडीची ‘डॉल्फिन’ आणली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिन मागे पडली. रस्त्यावरून फायबर गेलं, पण आपल्या आयुष्यातून गेलं नाही. कोकणच्या बंदरांवर लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्या दिसतात. दालदी मुसलमान असो की कोळी, समुद्रावर जाणाऱ्याला हलकी आणि न कुजणारी होडी हवी असते.

मेयर्ससारखी गाडी घरी बनवून रस्त्यावर आणणं मात्र आपल्याकडे सोपं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जीपवर हौसेने फायबरचं छत किंवा मडगार्ड चढवणाऱ्याने आधी आरटीओचा नियम पाहावा.

हक्काचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आकारावर माणसाचा हक्क असतो का?

एक बाजू अशी मांडता येईल की, ज्ञान नकलेनेच पसरतं. कागद बनवण्याचं कसब चीनमधून समरकंदला आलं, तिथून बगदादला आणि पुढे अंदलुसमार्गे युरोपात गेलं. कुणी पेटंट मागितलं असतं तर बगदादच्या ग्रंथालयांचं काय झालं असतं? मँक्सच्या नकलांमुळेच तर लाखो सामान्य माणसांना अशी गाडी परवडली.

हे खरं आहे. तरीही एक फरक करायला हवा. समरकंदच्या कारागिराने कागद करण्याचं कसब शिकून घेतलं, स्वतःचा लगदा स्वतः कुटला. मेयर्सची बॉडी विकत घेऊन तिच्यावर साचा काढणाऱ्याने काही शिकून घेतलं नाही. त्याने दुसऱ्याच्या हाताची मेहनत सरळ उचलली. उस्तादाकडे बसून काम शिकणारा शागीर्द आणि रात्री उस्तादाचा साचा पळवणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आपल्या फिक्हमध्ये या विषयावर बरीच चर्चा झाली आहे. हनफी परंपरेत ‘माल’ म्हणजे काय, हाताला न लागणारा नुसता हक्क विकता येतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद होते. उपखंडातल्या काही उलेमांनी असा हक्क विकायला नकार दिला, तर मुफ्ती तकी उस्मानींसारख्यांनी त्याच्या बाजूने लिहिलं. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात ठराव झाला की, लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतच्या दृष्टीने सुरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण ज्या समाजाला आहे, त्याला हे नवीन वाटू नये. ठोकळा घासण्यात गेलेले महिने हाही घामच.

आपण कारागिरांचा समाज आहोत. औरंगाबादच्या हिमरूची नक्कल यंत्रावर निघते आणि हातमागावरचा विणकर बघत बसतो. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणं झळकली, तेव्हा त्यात कोल्हापूरचं नावही नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. आपल्याला तेव्हा राग आला, तो योग्यच होता. पण आपल्या गॅरेजात दुसऱ्याच्या बंपरवर साचा काढताना तो राग कुठे जातो, हेही स्वतःला विचारायला हवं.

उस्तादांसाठी दोन शब्द

ज्यांच्या हातात मूळ आकार घडवण्याचं कसब आहे, त्यांच्यासाठी मेयर्सच्या हरण्यात धडा आहे. भारतात डिझाइन्स कायदा, २००० आहे. नव्या आकाराची नोंदणी झाली की आधी १० आणि नंतर आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. अट एवढीच की, तो आकार नोंदणीचा अर्ज करण्याआधी बाजारात किंवा मोबाइलवरून जगासमोर आलेला नसावा. आपली पोरं उलटं करतात. आधी व्हिडिओ टाकतात, मग ऑर्डर घेतात आणि कागदाचा विचार कधीच करत नाहीत. जेव्हा शेजारचा नक्कल करतो, तेव्हा हातात काही उरत नाही.

दुसरं, अंग सांभाळा. काचेची भुकटी श्वासातून जाते, हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो आणि रेझिनमधल्या स्टायरिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने संभाव्य कर्करोगकारक म्हटलं आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. रसायनाचा मास्क, चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा हवीच. शागीर्दाला हे देणं उस्तादावर बंधनकारक आहे. तोही हक्कच आहे.

मेयर्सचं काय झालं? म्हातारपणी तो परत आला. हौशी लोकांनी क्लब काढला, त्याने पुन्हा बॉडी बनवायला घेतल्या. २०१४ मध्ये ‘ओल्ड रेड’ची अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी तो वारला. न्यायालयाने ज्या आकारावर त्याचा हक्क नाकारला, तो आकार कुणाचा हे शेवटी जगाने मान्य केलं. पण तोवर पन्नास वर्षं गेली होती. आपल्या उस्तादांना इतकी वाट पाहावी लागू नये, एवढीच इच्छा.